एकट्याचा खांब

नवीन काही शिकवा म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. पण ऑनलाइन स्तंभालेख माझ्या चौथीच्या वर्गाला भलताच आवडला. टॅबवर उत्तर दाबलं की भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत खांब वाढतो. मुलं ओरडतात, खांब चढतो, माझा घसा बसतो.

एक सवय मात्र मी लावली होती. पडद्यावर दिसतं ते डोळे झाकून खरं मानायचं नाही. उत्तरं दिली की जो तो आपापल्या खांबाखाली रांगेत उभा राहणार. माणसं आणि खांब जुळले, तरच आलेख खरा.

त्या दिवशीचा प्रश्न होता, मधल्या सुट्टीत तुम्ही काय खेळता? लपाछपी, चेंडू, पकडापकडी, आणि शेवटचा पर्याय, ‘एकटाच असतो किंवा एकटीच असते’. तो मी मुद्दाम घातला होता. वर्गात एक मुलगी नुकतीच आली होती, तिला सगळे नवी म्हणत. आदल्या दिवशी सकाळीच तिच्या आईने मला फाटकाशी गाठलं होतं. “बाई, शाळेला निघताना रोज रडते. रमतच नसेल तर मावशीकडे ठेवते. माझाही जीव तुटतो, पण करू काय?” उत्तर कोणी दिलं ते पडद्यावर दिसत नाही. म्हटलं, पोरीला न दुखवता कळेल.

खांब वाढले. शेवटच्या पर्यायावरही एक बुटका खांब उगवला. एकाच उत्तराचा. मी पडदा बंद करायला धावले.

पडदा बंद करेपर्यंत वर्ग उठलासुद्धा. आता ती पोर सगळ्यांदेखत तिथे एकटी उभी राहणार! “बसा! खाली बसा!” मी ओरडले. ऐकतंय कोण? शिस्त मीच लावलेली, बोलणार कुणाला?

ढकलाढकली थांबली तेव्हा मी धीर करून बघितलं. बुटक्या खांबाखाली कोणीच नव्हतं. नवी लपाछपीच्या रांगेत, पुढचीची वेणी धरून खिदळत होती. लाजेने तर तिथे घुसली नाही ना? मी रांग मोजली. बरोबर जुळली, एकही डोकं जास्त नाही. माझा जीव भांड्यात पडला.

“बाई, हा खांब खोटाय,” आमच्या वर्गातला वकील म्हणाला. “त्याला माणूसच नाही.”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत डबा खाता खाता, हे चालतं का बघायला मीच एक उत्तर दाबलं होतं. पुसायचं राहून गेलं.

“अरे, ती मी!” मी इतकी हसले की टेबलाला धरावं लागलं.

नवी हसली नाही. “तुम्ही एकट्याच असता?”

“वह्या तपासते गं.”

“रडू येतं?”

“छे! तुला येतं?”

“घरातून निघताना येतं. आईला सोडायचं म्हणून. इथे आल्यावर लपायची जागा शोधायची असते, मग वेळच नसतो.”

शेवटची घंटा झाली. दप्तर तिथेच टाकून तिने माझं बोट धरलं. “चला. राज्य तुमच्यावर.”

जरा वेळाने आई फाटकातून आत आली, चेहरा पडलेला. मी भिंतीकडे तोंड करून उभी.

“मावशीला कळवा, पोर येत नाही म्हणून,” मी म्हणाले.

“खरंच? आहे कुठे ती?”

“ते मलाच कुठे माहीत? शोधू द्या जरा.”