आप्पांचा झोपायचा डगला

धाकटा भाऊ ऐन कामाच्या वेळी कारखान्याच्या दारात उभा दिसला, तेव्हाच ताईनं ओळखलं की घरी काहीतरी बिनसलंय. मशीन बंद करून ती बाहेर आली. इकडचं तिकडचं काही न बोलता तो म्हणाला, "ताई, घरात ढेकूण झालेत."

"मग औषध मार."

"मारलं. पुन्हा झाले. बाळाच्या दंडावर ओळीनं गांध्या उठल्यात." तो बुटाच्या टोकानं पायरी खरवडत राहिला. "ही म्हणते, आप्पांच्या अंथरुणातून येतात."

आप्पा म्हणजे दोघांचे वडील. एका मोठ्या इस्पितळात त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. आई गेल्यापासून ते धाकट्याकडे होते, बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपायचे. दुपारी शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडे पत्ते खेळायला जायचे. वॉचमनच्या खोलीत एक फाटका कोच होता आणि आप्पांची बसायची जागा त्याच कोचावर होती. भावजयीनं तो एकदा पाहिला होता. तिचा संशय तिथं पक्का झाला.

"म्हणजे आता काय करायचं?" ताईनं विचारलं.

"ती म्हणते, काही दिवस आप्पांना तुझ्याकडे..."

"माझ्या वसतिगृहात पुरुषाला जिन्यावरसुद्धा चढू देत नाहीत. ठाऊक आहे तुला."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तिलापण सांगितलं. मग ती म्हणाली, आप्पा तरी राहतील नाहीतर मी."

सुट्टीच्या दिवशी ताई घरी गेली. भावजयीचे डोळे खोल गेले होते. आत शिरताच तिनं बाळाचं झबलं वर करून दाखवलं. "बघा ताई. बोलायला सोपं असतं हो, पण रात्रभर हे रडतं आणि मी दिवा लावून बसते." तिच्या स्वतःच्या मानेवरही लाल ठिपके होते. आप्पांचे तर दोन्ही हात ओरबाडलेले होते. धाकट्याच्या अंगावर मात्र एक डाग नव्हता.

"तुला नाही चावत?" ताईनं विचारलं.

"माझं रक्त कडू असेल," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

ताई ज्या कारखान्यात होती तिथं कामगारांचे सगळं अंग झाकणारे कपडे शिवत. मध्यंतरी तिथं एक वेगळंच काम आलं होतं. गावोगावच्या लॉजवर मुक्काम करणाऱ्या कामगारांसाठी झोपायचे डगले. कापड पातळ पण इतक्या घट्ट विणीचं, की ढेकणाची सोंड आरपार जाऊ नये. पायमोजे आणि हातमोजे डगल्यालाच जोडलेले, डोक्यावर टोपी, चेहऱ्याभोवती इलॅस्टिक. रंग पांढरा, म्हणजे अंगावर काही चढलं तर लगेच दिसावं. ताईनं त्यातलं उरलेलं कापड मालकाकडून मागून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत बसून आप्पांच्या मापाचा एक डगला शिवला. आप्पा झोपेत फार चुळबुळ करतात म्हणून तिनं आपल्या मनानं थोडी भर घातली. समोरच्या चेनवर हनुवटीपर्यंत पट्टी घेतली आणि वर एक बटण लावलं. काम इतकं सुबक झालं की शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "अगं, हा तर बाहेर घालून जावा असा झालाय."

आप्पांनी तो चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "चंद्रावर धाडतेस की काय मला?"

"नुसतं झोपताना घालायचा, आप्पा."

"घालतो की. तू शिवलास म्हणजे बेताचाच असणार." मग खाली वाकून त्यांनी बाळाला विचारलं, "काय रे, ओळखलंस का म्हाताऱ्याला?" बाळानं भोकाड पसरलं. आप्पा हसले, पण टोपी पटकन मागे सारली.

पुढच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. नव्यानं एकही गांधी उठली नव्हती, कैक दिवसांनी शांत झोप लागली होती. ताईला हायसं वाटलं. त्या आनंदात बाळाचं कसं आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

नंतर एकदा वीज गेल्यामुळे कारखाना दुपारीच सुटला. सहज म्हणून ताई भावाच्या घराकडे वळली. रस्त्यावरून तिनं वर पाहिलं तर गॅलरीत काहीतरी पांढरं दिसलं. वाळत टाकलेली चादर असेल असं तिला वाटलं. मग ते हललं.

आप्पा गॅलरीत स्टुलावर बसले होते. भर उन्हात, डगला घालून, टोपी डोक्यावर, बटण लावलेलं. चेहरा घामानं निथळत होता.

"आप्पा, हे काय? दिवसा कशाला?"

"असू दे गं. सवय झाली."

ताईनं आधी बटण काढलं. बोटांना घाम लागला. चेन उघडली तेव्हा आतला बनियन पिळून काढण्यासारखा होता. तिनं वळून भावजयीकडे पाहिलं.

"माझ्याकडे असं बघू नका," भावजय म्हणाली. बाळाला खांद्यावर टाकून ती आरामखुर्चीपाशी उभी होती. "डगला घालूनसुद्धा बाळाला चावायचं थांबलं नाही. म्हणजे त्यांच्या कपड्यांतून, अंगावरून घरात पसरतच असणार ना? मी म्हटलं, घरात असेपर्यंत घालून बसा. तेही हो म्हणाले."

"मी आप्पांना ढेकूण चावू नयेत म्हणून शिवला होता. आप्पांना बांधून ठेवायला नव्हे."

"मी कुठं बांधलं?" भावजयीचा आवाज फुटला. "उलट काल मीच... मी बाळाला अंघोळ घालत होते. पाण्याच्या आवाजात त्यांची हाक मला ऐकूच आली नाही हो. त्या हातमोज्यांतून त्यांना बटण निघत नाही. बाहेर येऊन पाहते तर..." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मीच पुसलं सगळं. त्यांना एका शब्दानं बोलले नाही."

आप्पांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. "गाड्या फार वाढल्यात हल्ली," ते म्हणाले.

ताई आत येऊन खाटेवर बसली. भावजयीला ती काय म्हणून खडसवणार? बटण तिनं लावलं होतं. पट्टी तिची, मोजे तिनं शिवलेले. माणसाला आतून उघडता यावं, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. कात्री मागून तिनं तिथंच दोन्ही हातमोजे उसवले. धागा इतका पक्का होता की निघता निघेना.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा ती अजून बसून होती. "उद्या फवारणीवाल्याला बोलाव," ती म्हणाली. "बाटलीतलं औषध पुरे झालं. घर उलटंपालटं करून बघू दे."

"बघू पुढच्या महिन्यात..."

"उद्या. मी रजा घेतेय."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. ती कशाची, ते तेव्हा तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा आपणहून पुन्हा डगला चढवून गॅलरीत जाऊन बसले होते. फवारणीवाला बोलघेवडा होता. पाठीवरची टाकी दाराशी उतरवून त्यानं हातात बॅटरी घेतली. आप्पांची खाट उभी केली, सांधे तपासले, गादीची शिवण चाचपली. "इथं तुरळक आहेत. घर इथं नाही त्यांचं," तो म्हणाला. मग कपाट, पाळणा, भिंतीच्या फटी. शेवटी तो आरामखुर्चीकडे वळला. त्याच खुर्चीत बसून भावजय बाळाला पाजायची. बाळ झाल्यावर धाकट्यानं ती कौतुकानं आणली होती. फवारणीवाल्यानं खुर्ची आडवी केली आणि बुडाचं काळं कापड टर्रकन फाडलं.

भावजयीनं तोंडावर हात घेतला. आतली लाकडी पट्टी दिसतच नव्हती, इतके ते चिकटून बसले होते. बॅटरीच्या उजेडात ते सगळे हलू लागले.

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हे," फवारणीवाला म्हणाला. "कुठून आणलीत ही? लॉजबिजमधली दिसते."

"नवीन आहे. दुकानातून आणलीय," भावजय म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं.

धाकटा खिडकीशी उभा होता. त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "लॉज बंद पडलं होतं. सामान काढत होते. चांगली दिसली म्हणून..."

"तू मला नवीन म्हणून सांगितलंस."

"तुला आवडली होती."

"आणि आप्पा तिकडे उन्हात बसलेले असताना? तेव्हा तुला वाटलं नाही एकदा खुर्ची उलटी करून बघावी?" भावजयीनं विचारलं.

"वाटलं," तो म्हणाला. "पण मग सांगावं लागलं असतं."

फवारणीवाल्यानं खुर्ची पिशवीत गुंडाळली आणि तो आपल्या कामाला लागला.

भावजय गॅलरीत गेली. आप्पांसमोर जमिनीवर बसून तिनं त्यांच्या डगल्याची चेन खाली ओढली. "काढा आप्पा हे. माझं चुकलं. काढा ना." ती हुंदके देत होती. आप्पांनी तिच्या डोक्याकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "पण लांब बस जरा. तुझ्या अंगावर जायचे."

"कोण जायचे? ढेकूण खुर्चीत होते, आप्पा!"

"खुर्चीत होते. माझ्यातही आहेत. मला कळतं ना."

तेव्हा सगळ्यांना वाटलं, रागानं बोलत असतील. म्हातारा माणूस दुखावलाय, निवळेल. घर स्वच्छ झालं. बाळाची कातडी पुन्हा नितळ झाली. आप्पा मात्र दिवेलागणीला डगला चढवत राहिले. वॉचमनकडे जाणं त्यांनी बंद केलं. वॉचमन स्वतः पत्ते घेऊन आला तर त्यांनी दारातूनच हात जोडले. बाळ रांगत जवळ आलं की ते खाटेवर पाय वर घेऊन बसत. ताईनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी भिंगातून कातडी पाहिली आणि सांगितलं, अंगावर काहीही नाही. मनाचं दुखणं आहे, वेळ लागेल. आप्पांनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "दिवसा लपतात ते. डॉक्टरला कसे दिसणार?"

भावजय आता त्यांच्याशी फार जपून वागे, आणि त्या जपण्यानंच ते आणखी आक्रसून जात. धाकटा तर त्यांच्यासमोर यायचंच टाळायचा. शेवटी आप्पांना आपल्याकडे ठेवून घ्यायला ताईनं वसतिगृह सोडलं आणि कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. धाकटा म्हणाला, "लोक काय म्हणतील? मुलगा असून..."

"लोकांना खुर्चीचं सांगू का?" ती म्हणाली. नंतर तिलाच ते लागलं. धाकट्यानं मुकाट्यानं आप्पांची खाट जिन्यावरून वर चढवून दिली आणि पाणीही न पिता गेला.

कारखान्यात डगल्यांचं काम पुन्हा आलं, तेव्हा मालकाला ताईनं स्पष्ट सांगितलं, की हातमोजे सुटे ठेवायचे आणि चेन आतून उघडली पाहिजे, नाहीतर दुसरी कुणी बघा. मालक कुरकुरला, पण त्यानं ऐकलं.

नव्या खोलीत रोज सकाळी एक विधी सुरू झाला. आप्पा चष्मा लावून खिडकीशी उभे राहायचे. ताई दोन्ही बाह्या वर सारून हात पुढे करायची. ते हात न लावता निरखायचे, मनगटापासून कोपरापर्यंत. "नाही," असं म्हणाले की मग दोघं चहा घ्यायची. त्यांच्यामुळे तिला चावलं नाही, याची खात्री झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे.

एके दिवशी उठल्यावर ताईला आपल्या मनगटावर एक फुगवटा दिसला. खिडकी उघडी राहिली होती, डास चावला होता. उकाडा मरणाचा होता, तरी तिनं लांब बाह्यांचा कुर्ता घातला आणि पिशवी उचलली.

"हात," आप्पा म्हणाले.

"उशीर होतोय, आप्पा. उद्या बघा."

त्यांनी तिच्या बाह्यांकडे पाहिलं. मग एक पाऊल मागे सरकले, भिंतीला टेकले. चेहरा असा झाला, जणू कुणी थोबाडीत मारलीय.

ताईनं पिशवी खाली ठेवली आणि बाही वर केली. "डास आहे. शपथ. रात्री खिडकी उघडी राहिली."

"एकच आहे?"

"एकच. डास, आप्पा."

बराच वेळ ते तिथूनच बघत राहिले. मग हळूहळू पुढे आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिचं मनगट त्यांनी दोन बोटांत धरलं. त्या घरातून निघाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच कुणाला हात लावला होता. हात हलू नये म्हणून ताई श्वास रोखून उभी होती.

"डासच दिसतो," ते म्हणाले. मग विचारात पडले. "दिसतो तरी."

फळीवरचं मलम काढून त्यांनी त्या जागेवर नीट चोळलं आणि लगेच मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. पुन्हा पुन्हा धुतले. ताईनं चहा गाळला. दोघं प्यायली.

संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा आप्पांनी डगला घातलेलाच होता. चेन वरपर्यंत ओढलेली होती. टोपी मात्र मागे पाठीवर लोंबत होती, आणि ताईनं ती पाहिली असं दाखवलं नाही.