बाहेरून लागणारी ऊब

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. आज कुणी माझ्यात चहा भरून मला हातात घेतलं, तर मी छान ऊबदार लागेन. पण तो माझा गुण समजू नका. तोच माझा रोग आहे.

माझा जन्म काचेच्या भट्टीजवळ झाला. एका काचेच्या बाटलीत दुसरी बसवली, दोघींच्या मधल्या अंगाला चांदीसारखा मुलामा दिला आणि बुडाशी असलेल्या बारीक नळीतून मधली सगळी हवा ओढून घेतली. मग ती नळी वितळवून बंद केली. तिचं गव्हाच्या दाण्याएवढं टोक तेवढं राहिलं. माझा प्राण त्या दाण्यात होता. वरून निळ्या पत्र्याचा अंगरखा चढला आणि मी दुकानात जाऊन बसलो.

मला घेतलं कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बॉयलरवाल्यांनी. त्यांना सगळे वाफेबुवा म्हणत, कारण उष्णतेचा विषय निघाला की त्यांचं निरूपणच सुरू व्हायचं. दृष्टान्ताला मी.

ते सांगत, उष्णतेला जायला तीन वाटा. घन पदार्थ म्हणजे रांगेत उभी माणसं. जागा कुणी सोडत नाही; तापलेला शेजाऱ्याला ढोसतो, तो पुढच्याला. अशानं चमच्याचं दुसरं टोक तापतं. पाणी आणि हवा म्हणजे मात्र आमचे मेहुणे. तापले की उठून वर जातात, निवले की आपसूक खाली येतात, येरझारा काही संपत नाहीत. तिसरी वाट देवाच्या कृपेसारखी. तिला मध्यस्थ लागत नाही. सूर्याचं ऊन रिकाम्या आकाशातून येतंच की. कारखान्यातला फिटर दरवेळी विचारायचा, मेहुण्यांच्या कानावर हे गेलंय का. सगळे हसत. मग बुवा मला उचलून धरत.

"ह्याच्या पोटात पोकळी, म्हणून पहिल्या दोन वाटा बंद. मुलामा आरशासारखा, म्हणून तिसरी माघारी. आत उकळता चहा, बाहेरून गार. बाहेरून गरम लागला की समजायचं, संपला."

एकवीस वर्षं मी बाहेरून गार राहिलो. तेवढीच माझी पुण्याई.

मग बुवांच्या छातीत वाफेनं घर केलं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, गरम गरम घोट मिळाले तर छाती जरा सुटेल. बाकी फार काही हातात नाही. बुवांची बायको रोज चहा करी, मला पिशवीत घाली आणि दोन बस बदलून भेटीच्या वेळेआधी फाटकाशी उभी राही.

एकदा बसमधून उतरताना मी तिच्या हातून पायरीवर आपटलो. पत्र्याला नुसता पोचा आला. तिनं मला पुसलं, हलवून पाहिलं, काच वाजली नाही, तिचा जीव भांड्यात पडला. पण बुडाचा दाणा तडकला होता. हवेचे मेहुणे पोकळीत शिरले होते.

थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी तिनं मला छातीशी धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघा, हाताला किती गरम लागतोय. आत चहा उकळताच असणार." मला ओरडावंसं वाटलं. पत्र्याला तोंड नसतं, मित्रांनो.

बुवांनी मला हातात घेतलं आणि पत्र्याची ऊब लागताच त्यांचा हात क्षणभर थांबला. आतला चहा जेमतेम कोमट उरला होता. त्यांनी घोट घेतला.

"जरा निववून द्यायचा, अगं. जीभ पोळली."

ती हसली. सात आठवडे त्यांची जीभ रोज पोळली आणि छाती रोज थोडी आवळत गेली. एकदा नर्सनं कप उचलून विचारलं, हा तर गार आहे, बाईंना सांगू का?

"नको," बुवा म्हणाले. "थंडीत दोन बस बदलून येते. तिचे हात तरी गरम असतात हल्ली."

मग एका सकाळी चहा निघण्याआधीच निरोप आला.

पुढे फिटर भेटायला आला. तिनं सवयीनं चहा माझ्यातच भरून ठेवला होता. ओतायला म्हणून त्यानं मला धरलं आणि तो म्हणाला, "वहिनी, हा केव्हाचाच गेलाय. बाहेरून तापतो म्हणजे आत काही राहत नाही. बुवांनीच शिकवलंय आम्हाला."

तिनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"मग ते रोज जीभ पोळली म्हणायचे, ते?"

फिटरनं कप खाली ठेवला.

आता मी फळीवर रिकामा असतो. कधीतरी ती मला खाली काढते आणि दोन्ही हातांत धरून बसते. उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते, हा देवाचा नियम. तो कुणासाठी उलटत नाही. तिच्या हातांची ऊब माझ्यात येते, आणि मला ती ठेवता येत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाला बाहेरून चाचपून समाधान मानू नका. टोपण काढा, एक घोट घेऊन बघा. तिनं तो कधीच घेतला नाही. त्यांच्या वाटचा थेंबही आपण घ्यायचा नाही, एवढी तिची माया. घेतला असता, तरी बुवा वाचले नसते. पण चहा तरी गरम मिळाला असता.