हाड मागे सरतंय

मी बोलतोय एका शिंपीणबाईंच्या वरच्या जबड्यातून. जिन्यावरून पडून त्यांचा पुढचा दात गेला आणि त्या जागी मला बसवलं. मी टायटॅनियमचा एक इवलासा स्क्रू. डॉक्टर मला इम्प्लांट म्हणतात. माझ्या डोक्यावर जोडतुकडा आणि त्यावर पांढराशुभ्र दात. कौतुक सगळं दाताचं होतं. मी कुणाला दिसत नाही, आणि सध्या मी फार घाबरलेलो आहे.

सुरुवातीला सुखात होतो. हाडाने मला परकं मानलं नाही. हळूहळू ते माझ्या आट्यांना बिलगलं आणि मला घट्ट धरून बसलं. समोरच्या बाजूला ते अंड्याच्या टरफलाइतकं पातळ आहे, पण मायाळू. पहिला जोडतुकडा माझ्यापेक्षा अंगाने बारीक होता. त्यामुळे आमच्यातली फट हाडापासून आत, लांब राहायची. तिथली घाण हाडाला बाधत नसे.

पण बाईंना जन्माची खोड, धागा दाताने तोडायचा! कात्री मांडीवर असली तरी. एकदा जाड दोऱ्याला हिसका देताना जोडतुकडाच तुटला. आमच्या डॉक्टरीणबाई नेमक्या गावाला गेलेल्या. गिऱ्हाईक दारात आणि तोंडात खिंडार! बाईंनी घाईघाईत दुसरीकडून नवा तुकडा बसवून घेतला. तो वेगळ्या बनावटीचा निघाला; माझ्या काठाइतका रुंद, आणि बसला तोही जवळजवळ बरोबर. त्या ‘जवळजवळ’ने माझी झोप उडवली.

आता फट थेट हाडाच्या काठावर आली. घासागणिक तुकडा किंचित हलतो, जंतू आतबाहेर करतात आणि हाड मागे सरतं. माझा पहिला आटा उघडा पडला, मग दुसरा. खरा दात असता तर ठणकून घर डोक्यावर घेतलं असतं. मला ठणकाच नाही, मी ओरडू कशाने?

एक दिवस शेजारी बसून काजं करता करता बाईंच्या नणंदबाई थांबल्या.

“वहिनी, तुमच्या तोंडात काय टकटकतंय?”

“मशीन असेल गं.”

“मशीन बंद आहे. आणि हिरडीला रक्त आलंय बघा. चला दाखवायला.”

“दुखत नाही ना, मग झालं तर! एवढं पडद्यांचं काम उरकू दे.”

“दात गेला की पडद्यामागेच बसा मग!”

बाई खळखळून हसल्या. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. शेवटी नणंदबाईंनी मशीनचा पट्टाच काढून पिशवीत टाकला, तेव्हा कुठे बाई उठल्या.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला आणि तो बाईंसमोर धरला.

“हा तुकडा या इम्प्लांटचा नाहीच. गेलेलं हाड परत येईल असं काही मी म्हणणार नाही. उरलंय ते वाचवू. पण पुन्हा दाताने धागा तोडलात, तर तेही हातचं जाईल.”

त्यांनी सगळं साफ केलं आणि पूर्वीसारखा बारीक, नेमका बसणारा तुकडा लावला. टकटक थांबली. भीती काही थांबली नाही.

आज सकाळी मशीन पुन्हा सुरू झालं. नणंदबाई बाजारात गेल्यात. एक शिवण संपली, धागा ओठांना लागला, आता दातापाशी आलाय. मी उरलेल्या हाडाला घट्ट धरून बसलोय. बाई, माझं राहू द्या, त्या बिचाऱ्या हाडासाठी तरी ऐका. कात्री तुमच्या मांडीवरच आहे हो!