कारण : सिगारेट

"दिवसाला किती ओढता?" वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"एकही नाही, साहेब," तात्या म्हणाला आणि एवढ्यानंच खोकत बसला.

डॉक्टरांनी आमच्या अग्निशमन केंद्राची विश्रांतीची वही पुढे सरकवली. अकरा वर्षं तात्याचं नाव आणि पुढे कारण : सिगारेट. अक्षर माझं. मी बंबाचा चालक, वही माझ्याकडेच असायची.

आग विझवून परतलो की ओढणाऱ्यांना मागच्या अंगणात दहा मिनिटं मिळायची, कारण तलफ आली की ती माणसं कावतात म्हणे. न ओढणाऱ्यांना लगेच पाइप धुवायला लागायचे. वा रे न्याय! माणसं नऊ, धड मास्क तीन. तात्या आपला मास्क दुसऱ्याला द्यायचा आणि ओला रुमाल बांधून धुरात घुसायचा. बाहेर आला की पाय लटपटायचे. मीच म्हटलं, "अरे शहाण्या, एक सिगारेट हातात धर आणि बस की आमच्यात! पेटवू नकोस म्हणजे झालं."

तेव्हापासून तीच एक सिगारेट त्याच्या खिशात. "वहिनींना सवत आणलीस रे!" म्हणून आम्ही त्याची टर उडवायचो.

मी उठून हे सगळं सांगितलं. मास्कचंही सांगितलं.

"मास्कचा विषय आमच्यापुढे नाही," डॉक्टर म्हणाले. आजार नोकरीमुळे नाही, व्यसनामुळे, असा शेरा पडला. म्हणजे उपचार नाहीत, पेन्शन नाही. माझं डोकंच फिरलं.

बाहेर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांच्या कपड्यांना जळक्या घरांचा वास यायचा. सिगारेटचा कधीच आला नाही. मला का नाही कुणी विचारलं?"



आठवड्यानं तात्या बूट आणि हेल्मेट जमा करायला आला. एवढं चालूनच दमला होता. अंगणात टेकायच्या आधी त्यानं सवयीनं वही मागितली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, कारण : श्वास घ्यायला.

केंद्राचे मोठे साहेब तिथंच उभे होते. "हे नियमात बसत नाही," म्हणाले, आणि ते खोडून त्यांनी 'सिगारेट' लिहिलं.

तात्यानं खिशातून ती पिवळी पडलेली सिगारेट काढून वहीवर ठेवली. "मग ही जमा करून घ्या, साहेब."

अंगणात न बसताच तो निघाला. फाटकापर्यंत जाताना तीनदा थांबला.