दोरावरचे काका

"आले, आले! बाबा लाइव्ह आले!"

वाचनालयातला ज्येष्ठांचा फोनवर्ग क्षणात हात जोडून बसला. पडद्यावर एक तुकतुकीत चेहरा, मिटलेले डोळे.

"एक ताई... डोळ्यांचा त्रास... मला टिकटिक ऐकू येतेय. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. चष्म्याच्या दांडीला निळा दोरा..."

माझी मावशी ढसाढसा रडू लागली. तिचे यजमान, आमचे दिवंगत काका, घड्याळजीच होते आणि दोराही निळाच होता.

"ते म्हणताहेत, डोळ्याला सुरी लागू देऊ नकोस. मी पाठवतो ते थेंब घाल."

झालं! मावशीला काचबिंदू, ऑपरेशन सोमवारी. उशीर झाला तर जाईल ती नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी समजावलं, भांडलो. मावशीचं एकच पालुपद : "हे बोललेत ना, मग संपलं." काका जिवंत असताना तिने त्यांचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. गेल्यावर मात्र आज्ञाधारक झाली!

मी वर्ग घेणाऱ्या बाईंना गाठलं. त्या हसल्या.

"बाबांना दिव्यदृष्टी नाही हो, फोन आहे. टायपिंगचा हात बसावा म्हणून मी रोज एक आठवण लिहायला सांगते. जुने स्नेही सापडावेत म्हणून ती इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसेल अशी टाकतो. मावशींनी घड्याळं, दोरा, डोळ्याचं ऑपरेशन, सगळंच लिहिलंय. दोघींना शाळेतल्या मैत्रिणी सापडल्यासुद्धा. पण जगात बाबाही येतात ना! मात्र हे मी नुसतं सांगितलं, तर मावशी माझंही ऐकणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गृहपाठ बदलला. "आज थापा मारायच्या. चांगल्या सणसणीत!"

वर्ग शाळेतल्या पोरांसारखा खिदळला. निवृत्त पोस्टमननी लिहिलं, मी सर्कशीत सिंह सांभाळायचो. मावशीने लिहिलं, आमचे हे दोरावरून चालायचे.

संध्याकाळी बाबांनी डोळे मिटले.

"सिंहाची डरकाळी... एका काकांनी सिंह माणसाळवलेत." पोस्टमन खोकत खाली बघू लागले. "आणि त्या ताई... यजमान उंचावर आहेत. दोरावर! अजूनही तोल सावरत म्हणताहेत, ऑपरेशन नको."

मावशीचे जोडलेले हात सुटले.

"अहो, बल्ब बदलायला स्टुलावर चढायचं तर यांना घाम फुटायचा!" ती कडाडली. "स्टूल धरून मी उभी राहायचे, मी! आणि दोरावर कसले चालताहेत?"

आधी एक जण फिसकन हसला, मग अख्खा वर्ग. कुणीतरी तिचं वाक्य बाबांच्या लाइव्हखाली टाइपही केलं. बाबांनी "नेटवर्क... नेटवर्क..." म्हणत काढता पाय घेतला.

घरी जाताना मी फुशारकीने म्हणालो, "बघितलंस? तुझंच लिहिलेलं तुलाच वाचून दाखवत होता."

"हो," मावशी म्हणाली. "वाचत तरी होता. तुम्ही भाचेपुतणे नुसता अंगठा टेकवून पुढे जाता. यांची टिकटिक, यांचा दोरा, तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंत?"

घरी पोचल्यावर मी फोन काढून तिच्या आठवणी पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

सोमवारी ऑपरेशन नीट पार पडलं. तेव्हा वाचकहो, एखाद्या बाबाला तुमच्या मनातलं कळलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा : हे याला सांगितलं कुणी? बहुतेक वेळा आपणच. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही लिहिलं असेल, तर ते बाबाच्या आधी तुम्ही वाचा.