दहावा प्रश्न

मावशीने चिंध्यांच्या टोपलीतून चुरगळलेला अर्ज उचलला, टेबलावर पसरला आणि त्यावरून कोमट इस्त्री फिरवली.

"राहू दे गं," भाची म्हणाली. "नाही करायची मला तक्रार."

सकाळी पोलीस चौकीतून हाच अर्ज आणताना ती ताठ चालत होती. ठरलेलं लग्न मोडल्यावर त्या मुलाने तिचा उघडा फोटो इंटरनेटवर टाकला होता. आता ती शिलाई मशीनमागे, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मधेच काय झालं?"

"नववा प्रश्न बघ. फोटो तुमच्या संमतीने काढला होता का? मीच काढून पाठवला होता, मावशी. 'हो' लिहिलं की संपलंच."

मावशी साठी ओलांडल्यावर वाचायला शिकली होती. तिने पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. "अ... अर्ज... अर्जदाराचे..."

"तू नवव्यापर्यंत पोचेस्तोवर मी तुझ्याएवढी होईन."

"मग तेव्हा तरी नीट वाचशील."

तेवढ्यात शेजारची दुकानवाली आत आली. "माझ्या जावेचं माप आहे ना तुमच्या वहीत? तिला न कळता ड्रेस शिवायचाय. सांगा बघू."

"तिला घेऊन या."

"अहो, मापच मागतेय, किडनी नाही!"

"तिनं ते मला दिलंय. तुम्हाला नाही."

मावशीने वही खणात टाकून खण लोटला. 'मोठ्या आल्या शिंपीणबाई' असं पुटपुटत दुकानवाली पायऱ्या उतरली. मशीनमागची खुर्ची करकरली. भाची वळून त्या खणाकडे बघत होती.

मावशीचं बोट पुन्हा सरकू लागलं. नववा प्रश्न झाला, तसा तिने कागद उलटला.

"द... दहावा. तो फोटो इ-त-रां-ना... इतरांना दाखवण्यास तुमची सं-म-ती होती का?"

"हे कुठे आहे?"

"मागच्या बाजूला. तू पान उलटलंच नाहीस."

भाचीने अर्ज ओढून घेतला. दोनदा वाचला. नवव्यापुढे तिने न थांबता 'हो' लिहिलं. दहाव्यापाशी पेन थबकलं.

"मावशी, त्या जावेची कंबर किती गं?"

"थोबाडीत देईन."

भाची हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. मग तिने दहाव्याचं उत्तर लिहिलं.

मावशीने इस्त्री बंद केली, चष्मा पिशवीत टाकला आणि चपला शोधू लागली.

"तू कुठे निघालीस?"

"चौकीत आणखी कागद देतील. तू घाईत वाचतेस."