बियांच्या गाडीवरची कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर जन्माची भित्री आहे. माझ्या पोटात मुनीरा नावाच्या मुलीची मजेशीर प्रेमकथा आहे. तिला गायिका व्हायचं असतं आणि ती नेमकी अशा ढोलकवाल्याच्या प्रेमात पडते, ज्याला ठेका काही केल्या धरता येत नाही. वाचणारे पोट धरधरून हसतात. मी मात्र कैरोच्या छापखान्यात कापणीच्या पात्याखाली गेले, त्या दिवसापासून थरथरते आहे.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. एका कारकुनाच्या बायकोनं मला उशाखाली ठेवलं. तिच्या तिघी बहिणींनी मला हातोहात फिरवलं आणि त्या फिरवाफिरवीत माझं मुखपृष्ठ गळून पडलं. मग मला कोण विचारणार? एक दिवस मी रद्दीत गेले, आणि रद्दीतून आले ती अलेक्झांड्रियाच्या बहरी भागात, शहाताच्या हातगाडीवर.

शहाता भोपळ्याच्या आणि कलिंगडाच्या खारवलेल्या बिया विकायचा. बिया द्यायच्या त्या जुन्या पुस्तकाच्या पानाची पुडी करून. सगळेच विक्रेते तसं करतात, त्याचा एकट्याचा काय दोष? माझ्या शेजारी एक भूगोलाचं पुस्तक होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते दोन दिवसांत संपलं. मग माझी पाळी आली. पहिलं पान फाटलं तेव्हा मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पण पुस्तकाचं ओरडणं म्हणजे नुसतं टर्र. ते ऐकतंय कोण!

शहाताला एक खोड होती. फाडण्याआधी तो पान वाचायचा. वाचता वाचता हसत सुटायचा आणि गिऱ्हाईक ताटकळत राहायचं. त्या खोडीमुळे माझं मरण जरा लांबलं.

समोरच्या तिसऱ्या मजल्यावर बुसैना राहायची. ती गच्चीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची आणि शहाता तीत पुडी ठेवायचा. एकदा बिया संपल्यावर तिनं पुडी उलगडून वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं वरून विचारलं, "शहाता, अरे त्या मुनीराचं पुढं काय झालं?"

"ते उद्याच्या पुडीत कळेल!"

"मग आजच दोन पुड्या दे."

घरात बियांचा नुसता सुकाळ झाला. तिचे वडील उस्ता जाबिर, म्हणजे जाबिर मिस्त्री, होड्या बांधणारे सुतार होते. ते वैतागून म्हणायचे, "या घरात माणसं राहतात की पोपट?"

बुसैना कपडे वाळत घालताना गायची. आवाज असा, की खाली शहाताचं माप हमखास चुकायचं आणि बिया सांडायच्या. अखेर एके दिवशी त्यानं उरलीसुरली मला अख्खीच टोपलीत ठेवलं आणि वर पाठवलं. माझी एक्केचाळीस पानं गेली होती, पण त्या दिवशी मला वाटलं, सुटले बुवा एकदाची!

कसली सुटतेय! शहरातल्या रेडिओ केंद्रावर येत्या गुरुवारी नवे आवाज ऐकून घेणार होते. बुसैनाचा जीव त्यात अडकला होता. "परक्यांसमोर गायचं नाही," असं वडिलांनी एकदा बजावलं होतं, आणि एकटीनं जायची तिची छाती नव्हती. मग तिनं माझ्या सगळ्यात वरच्या पानाच्या समासात निळ्या शाईनं लिहिलं. वरचं पान अशासाठी, की शहाताला ते लगेच दिसावं. शुक्रवारी तिनं मला टोपलीतून खाली सोडलं. तिनं दोरी घाईघाईनं सोडली, त्यामुळे टोपली आणि टोपलीतली मी, दोघीही हेलकावे खात होतो.

शहातानं मला गाडीवर ठेवलं आणि तेवढ्यात मशिदीतून नमाज संपवून माणसं बाहेर पडली. एकच झुंबड उडाली. त्या गर्दीत वाचायला फुरसत कुठली? त्याचा हात सवयीनं वरच्या पानाकडे गेला. टर्र! पुडी झाली, बिया भरल्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात गेली. ते गिऱ्हाईक म्हणजे उस्ता जाबिर.

माझा पुठ्ठा असता तर तो तिथेच गळाला असता.

उस्ता शेजारच्या खुर्चीवर बसून एक एक बी फोडू लागले. वर बुसैनानं पुडीवरची निळी शाई ओळखली आणि ती गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिली. ओरडावं तर बाप ऐकणार, गप्प राहावं तर बाप वाचणार. तिनं शहाताला हातानं खुणा केल्या. त्या येड्यानं हसून दुसरीच एक रिकामी पुडी उंचावली, "बिया पाहिजेत? भोपळ्याच्या की कलिंगडाच्या?"

बिया संपल्या. उस्तांनी कागद मांडीवर सपाट केला, बराच वेळ पाहिला आणि उठून गाडीशी आले.

"शहाता, यावर कुणीतरी हातानं लिहिलंय. मला वाचता येत नाही. वाच बघू."

शहातानं वाचलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काही नाही उस्ता. आपलं हे... मुनीराच्या ढोलकवाल्याचा ठेका चुकला, असं लिहिलंय."

"असं?" उस्ता शांतपणे म्हणाले. "मला अक्षर वाचता येत नाही पोरा, पण माझ्या लेकीचं अक्षर मी ओळखतो. ती पाटीवर गिरवायची तेव्हा रोज संध्याकाळी शेजारी बसायचो मी. आता खरं वाच."

मला वाटलं, आता हा माणूस मला समुद्रात भिरकावणार आणि माझ्यामागून शहाताला. शहातानं वाचलं. "गुरुवारी बारा वाजता रेडिओवाल्यांसमोर गायचंय. बाबांना विचारायची भीती वाटते. तू बरोबर येशील का?"

उस्तांनी शहाताच्या हातातला कागद घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ती माझ्यापुढे तोंड उघडायला घाबरते, आणि मी घाबरतो की लोक तिला हसतील. एका घरात राहून आम्ही हे एकमेकांना सांगितलं नाही." त्यांनी वर पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, "बुसैना! गुरुवारी मी सुट्टी काढतोय. तो निळा झगा इस्त्री करून ठेव!" मग शहाताकडे वळून म्हणाले, "तुला बोलावलंय, तर तूही ये. पण ट्राममध्ये मधे मी बसणार."

गुरुवारी बुसैनानं मला छातीशी इतकं घट्ट धरलं, की तिच्या नखांचे वण माझ्यावर अजून आहेत. सुरुवातीला आवाज चिरकला, मग लागला. तिला साथीच्या गायिकांमध्ये मागच्या रांगेत जागा मिळाली. दोन वर्षांनी तिचं शहाताशी लग्न झालं. लग्नात उस्ता इतके रडले, की पाहुण्यांना वाटलं त्यांना जावई पसंत नाही.

ते फाटलं पान आज कणकेच्या खळीनं चिकटवून माझ्यात आहे. मी त्यांच्या कपाटात असते आणि दार करकरलं की अजूनही दचकते. मित्रांनो, मला फाडू नका, एवढं मी हात जोडून मागायला हवं. पण बिया तर द्यायलाच लागतात आणि पुड्याही बांधायला लागतात. म्हणून मागणं एवढंच, की पान फाडण्याआधी एकदा वाचत जा. विचारायची भीती वाटणाऱ्या कुणीतरी त्यात काही लिहून ठेवलेलं असतं.